चिंचोळ्या घराची सावड

१

सन दोन हजार चोवीस, वैशाखाचा शुद्ध पक्ष. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती. सिंदी रेल्वे या गावात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, असं ऊन.

बाबारावांचा दिवस ठरलेला होता. सकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरायचं. भर दुपारच्या आधी जेवायचं. मग मधल्या खोलीत कूलर लावून पडायचं, ते उन्हं कलेपर्यंत. उभी हयात त्यांनी कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदारीत काढली होती. आपल्याला न दिसता फाटकातून मांजरही गेलं नाही, असं ते सांगत. ते खोटं नव्हतं. नोकरी सुटली, पण नजर सुटली नव्हती. घरात कोण आलं, कोण गेलं, कशाला हसलं, सगळं त्यांना कळायला लागे.

घर ऐसपैस होतं. गल्लीत तेवढं रुंद घर दुसरं नाही. तरी लोक यायचे ते शेजारचं घर पाहायला.

बाबारावांचं घर आणि कापसाचं जुनं गोदाम यांच्यामध्ये पूर्वी बोळ होती. इंग्रजांच्या काळात दोन सख्ख्या भावांची वाटणी झाली. थोरला बाबारावांचा आजा, धाकटा त्यांच्या चुलतभावाचा, पुंडलिकरावांचा आजा. थोरल्याने घर घेतलं. धाकट्याच्या वाट्याला बोळ आली. थोरला हसला. धाकट्याने त्या बोळीतच दोन मजली घर उभं केलं आणि थोरल्याची उगवतीची खिडकी कायमची बुजवली. त्या खिडकीचा कोनाडा बाबारावांच्या मधल्या खोलीत अजून आहे.

घर एवढं चिंचोळं की मधोमध उभं राहून हात पसरले तर दोन्ही तळवे भिंतींना टेकतात. खोल्या एकीमागे एक. खाट आडवी पडत नाही. बाजूला खिडकी नाही. उजेड पुढच्या दाराने येतो तेवढाच. हल्ली पोरं मोबाईल घेऊन यायची आणि त्या घरासमोर हात पसरून फोटो काढायची. बाबारावांचा पत्ता कोणी विचारला की लोक सांगायचे, "ते चिंचोळं घर हाये ना, त्याच्या बाजूचे." सत्तरी उलटलेल्या माणसाची ही ओळख.

पण खरी बोच ती नव्हती. पुंडलिकराव आणि त्यांची बायको शालूबाई त्या सांदीत जन्मभर सुखाने राहिले. कोनाड्यातून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. एवढ्याशा जागेत माणसं हसतात कशाला, हे बाबारावांना कधी समजलं नाही. समजलं नाही आणि पचलंही नाही.

पुंडलिकराव गेले त्याला बरीच वर्षं झाली. शालूबाई गेल्या हिवाळ्यात नागपूरला, मुलाकडे वारल्या. बाबाराव आणि त्यांची बायको अन्नपूर्णा, दोघं तेरवीला जाऊन आले. शालूबाईंच्या मुलाने चिंचोळ्या घराला कुलूप घातलं आणि किल्ली अन्नपूर्णेजवळ दिली. ती बाबारावांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती.

२

उन्हाळ्यात बायकांची सावड चालते. पापड, कुरडया, शेवया करायच्या असल्या की गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन एकीच्या घरी जमतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जिने आपल्याला हात लावला, तिच्या घरी जाऊन तेवढाच हात लावायचा. पैसा नाही, अडका नाही. आजारी असली तर सून जाते, लेक जाते. त्या घरचा हात गेला पाहिजे, एवढंच. सावड फेडल्याशिवाय कोणती बाई राहत नाही.

शालूबाईंकडे बसायचं तर गोल करून बसता येत नसे. एका ओळीत, एकीच्या पाठीशी एक. लाट्या पुढून मागे येत, लाटलेला पापड खांद्यावरून मागे जाई. रेल्वेचं गाव. बायका त्याला शालूची मालगाडी म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात सावड बाबारावांच्या घरी बसली होती. दुपारची वेळ. बायका हसत होत्या. बाबाराव उठून दारात उभे राहिले.

"बजार मांडला का इथी? उठा. आपापल्या घरी जाऊन खिदळा."

झोपमोड झाली, असं ते मागाहून म्हणाले. खरं कारण निराळं होतं. शालूबाई अन्नपूर्णेच्या कानाशी काहीतरी बोलल्या होत्या आणि अन्नपूर्णा तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्यासमोर तशी एकदाही हसली नव्हती.

बायका मुकाट्याने उठल्या. शालूबाई सगळ्यांत शेवटी उठल्या. पीठ झटकत म्हणाल्या, "जातो, भाऊजी. पाय पसरून बसाले भेटलं, तेवढंच सुख."

त्यानंतर बाबारावांच्या घरात त्यांतल्या कोणी पाऊल ठेवलं नाही.

आता नातीचं, खुशीचं लग्न ठरलं होतं. त्या साली वैशाखात मुहूर्त नव्हते म्हणून लग्न आषाढात धरलं होतं. पापड पुष्कळ लागणार होते. बाबाराव म्हणाले, "इकत आनू."

"नातीच्या लग्नात इकतचे पापड?" अन्नपूर्णा म्हणाली. "माह्ये हात तुटले का?"

तिने उडदाचं पीठ भिजवलं. कोणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी कोणी येणार नव्हतं.

३

पहिल्या दिवशी बाबाराव झोपून उठले तेव्हा मागच्या पडवीत खाटेवर लुगडं पसरलेलं होतं आणि त्यावर पापड वाळत होते. त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन खाटा भरल्या. तिसऱ्या दिवशी खाली सतरंजीही भरली.

एकटी बाई इतके पापड लाटत नाही. पण बायकांच्या कामात डोकं घालण्याची त्यांना सवय नव्हती.

मग एका दुपारी लाईन गेली. कूलर थांबला. कूलर चालू असताना त्या खोलीत दुसरं काही ऐकू येत नाही, आणि थांबला की एकदम सगळं घर ऐकू येतं. बाबाराव डोळे मिटून पडून होते. पडवीत लाटणं फिरत होतं. पोळपाटावर लाकूड घासल्याचा तो बारीक आवाज.

लाटणी दोन होती.

एक थांबलं की दुसरं चालू असायचं. दोन्ही चालू असली की एक किंचित मागे पडायचं, मग गाठायचं. मध्येच अन्नपूर्णा हसली. दबलेलं, नाकातून निघणारं हसू.

बाबाराव उठले. अनवाणी, आवाज न करता पडवीच्या दारात गेले.

अन्नपूर्णा एकटी होती. तिच्यासमोर मात्र आणखी एक पाट मांडलेला होता आणि पाटापुढे दुसरं पोळपाट. त्यावर अर्धी लाटलेली लाटी होती.

"कोन होतं वं?"

"कुठी?"

"इथी. आत्ता."

"झोपेत असान तुमी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू अजून राहिलेलं होतं. बाबारावांना पाहून ते हळूहळू गेलं.

"मंग दोन पोळपाट काऊन?"

"एकावर लाटतो, एकावर ठेवतो." आणि तिने मान खाली घातली.

बाबाराव तिथेच उभे राहिले. पाट रिकामा होता. पण त्याच्या दोन्ही बाजूंनी जमिनीवर सांडलेल्या पिठात दोन लांब पट्टे पुसले गेले होते. कोणीतरी तिथे पाय पसरून बसलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी ते झोपले नाहीत. पुढच्या दारात खुर्ची टाकून बसले, जिनिंगच्या फाटकावर बसत तसे. मागच्या दाराला त्यांनी आतून कडी घातली आणि कडीत कुलूप अडकवलं. गरम वाऱ्याची लू अंगावर येत होती. गल्लीतून एक सायकल गेली. दुसरं कोणी फिरकलं नाही.

घरात कोणी शिरलं नाही, हे ते देवासमोर सांगू शकले असते.

पडवीत दोन लाटणी चालू होती.

त्यांनी डोकं चालवलं. शेजारचं घर पोकळ आहे, भिंत सामाईक आहे, आवाज तिकडे जाऊन परत येत असेल. विहिरीत हाक मारली तर हाक परत येतेच. एवढं त्यांना पटलं. मग अन्नपूर्णा म्हणाली, "हट, काहीबी बोलतं," आणि हसली. परत आलेल्या आवाजाला असं कोणी म्हणत नाही.

संध्याकाळी तिची पाठ फिरल्यावर त्यांनी वाळलेल्या पापडांतून दोन उचलले. अन्नपूर्णेचा हात ते ओळखत होते. तिचा पापड मध्ये जाड, कडेला पातळ. दुसरा सगळीकडे सारखा, इतका पातळ की त्यातून हाताची रेघ दिसली. गल्लीत असा हात एकाच बाईचा होता.

पापड त्यांनी परत ठेवले. खिळ्यावरची किल्ली घेतली आणि शेजारच्या घराचं कुलूप पाहून आले. कुलूप होतं. धूळ होती. कोळ्याने कडीवर जाळं विणलेलं होतं.

त्यांना भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या वेळी उठलं ते दुसरंच काही होतं, जुनं आणि ओळखीचं. मेली तरी तिच्याशीच हसते, असं त्यांच्या मनात आलं. माझ्या घरात, माझ्या पडवीत, माझी बायको.

५

समोरच्या घरातली रुख्मिणी पाणी भरत होती. मागच्या उन्हाळ्यात उठवलेल्या बायकांपैकी ही एक. बाबाराव तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते.

"दुपारी आमच्या घरी कोन येते?" त्यांनी विचारलं.

रुख्मिणीने नळ बंद केला. "कोनाची हिंमत होते, काकाजी? तुमीच त हाकललं आमाले. बजार मांडला म्हनून."

"इचारलं तेवढं सांग."

"कोनी नाई येत. आमी आपसातच म्हनलं, आता काकाजीच बसत असन पोळपाट घेऊन." ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "काऊन? काय झालं?"

"काई नाई."

"काकू बरी हाये ना? आवाज त भरल्या घराचा येते. म्या म्हनलं, पावने आले असन."

बाबाराव वळले.

६

पापड संपले. डबे भरले. त्या दिवशी अन्नपूर्णेने दोन्ही पोळपाटं घासून उन्हात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबाराव दुपारच्या झोपेतून उठले तेव्हा ती घरात नव्हती. चहाची वेळ झाली होती आणि चूल थंड होती. खिळ्यावर किल्ली नव्हती.

शेजारच्या दाराचं कुलूप काढलेलं होतं. दार लोटलेलं. बाबाराव पायरीवर उभे राहून ओरडले, "अवं! काय करून राह्यली तिथी?"

आत लाटण्याचा आवाज चालू होता. दोन नव्हे. पुष्कळ.

तो थांबला. बऱ्याच वेळाने अन्नपूर्णा बाहेर आली. दार पुरेसं उघडं असूनही ती आडवी होऊन, एक खांदा पुढे काढून आली. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे झालेले.

"सावड फेडा लागते," ती म्हणाली. "एवढे केले तिनं आपल्या खुशीसाठी. मी नाई जाव त कोन जाईन?"

"कोनाची सावड? मेली ती. तेरवीचं जेवलो आपन."

"जेवलो," अन्नपूर्णा म्हणाली, आणि हातावरचं पीठ झटकत पायरी उतरली.

त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात घातली. दुसऱ्या दुपारी त्यांचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा खिसा रिकामा होता. तिसऱ्या दुपारी ते जागेच राहिले. ती त्यांच्यासमोरून चालत गेली. त्यांनी मनगट धरलं. ती थांबली, त्यांच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात तसंही नाही. स्टेशनात उभ्या गाडीतला माणूस दुसऱ्या गाडीतल्या माणसाकडे पाहतो तसं. त्यांचा हात आपोआप सुटला.

बोरगाव मेघे गावाहून खुशी एक दिवस आली. लग्नाचं काहीबाही आणलं होतं. आजीला दाखवत होती, आणि बोलता बोलता गप्प झाली. जाताना ती बाबारावांना बाजूला घेऊन म्हणाली, "आबाजी, आजी अशी तिरपी काऊन चालते?"

बाबारावांनी ते पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

अन्नपूर्णा आता आपल्या रुंद घरातही आडवी होऊन चालत होती. मोठ्या दारातून जाताना पोट आत घ्यायची. माजघरात मधोमध न चालता भिंतीला पाठ लावून सरकायची. जेवायला बसली की कोपरं अंगाशी. खाटेवर कडेला झोपायची, हात छातीशी घेऊन, काठीसारखी. बाबाराव रात्री हात लावून पाहत. तिच्या दुसऱ्या बाजूला भिंत नव्हती, मोकळी जागा होती. तरी ती भिंतीला टेकल्यासारखी होती.

"काई नाई," ते खुशीला म्हणाले. "कंबर धरली तिची."

७

"किती राह्यलं आता?" त्यांनी एका सकाळी विचारलं.

अन्नपूर्णा चुलीपुढे होती. "ती मोजत नाई. मी बी मोजत नाई."

"लग्नापावतर होईन का?"

ती गूळ चिरत राहिली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तिथी बरं वाटते मले."

बाबारावांना सगळं एकदम उमगलं. सावड बायकोला ओढून नेत नव्हती. बायको आपल्या पायांनी जात होती. एक दिवस ती त्या सांदीत जाईल आणि हाक मारली तरी बाहेर येणार नाही. आणि आपण या रुंद घरात एकटे बसून कोनाड्यातून तिचं हसू ऐकत राहू.

"आज तू नाई जाजो," ते म्हणाले. "मी जातो."

"तुमी?"

"घरचा हात पाह्यजे ना? मी घरचाच हावो."

अन्नपूर्णेने त्यांच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं.

"लाटता येते का तुमाले?"

"शिकव."

तिने पोळपाट पुढे ओढलं. भिजवलेल्या पिठाचा गोळा घेतला. बाबाराव मांडी घालून बसले. लाटणं त्यांनी सोट्यासारखं धरलं होतं. तिने त्यांची बोटं सोडवली आणि एकेक नीट ठेवली.

"जोर नका लावू. ते का फाटक हाये? हात हलका ठेवा. कडेकून मधात नाई, मधातून कडेले."

पहिला फाटला. दुसरा पोळपाटाला चिकटला. तिसऱ्याचा नकाशा झाला. अन्नपूर्णेच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी वर पाहिलं तोवर हसू गेलेलं होतं.

"अन् तिथी मागं वळू नका," ती म्हणाली.

"काऊन?"

"वळाले जागा नाई."

८

दुपारी त्यांनी अन्नपूर्णेला मधल्या खोलीत निजवलं. कूलर लावला. बाहेरून कडी घातली. तिने ना म्हटलं नाही. तिच्या अंगावर पोपटी लुगडं होतं. पोळपाट काखेत, लाटणं हातात घेऊन ते घराबाहेर पडले. समोर रुख्मिणीचं दार किंचित उघडं होतं. तिने पाहिलं असणार. पाहू दे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

कुलूप काढून ते आत गेले. दार लावून आतून अडसर घातला; आता उजेड दाराच्या फटींतून येत होता तेवढाच. कोणाला हसायला जागा नको.

आत गार होतं. उडीद आणि हिंगाचा वास. पहिली खोली रिकामी. दुसरीच्या उंबऱ्यापासून बायका बसलेल्या होत्या. एकीमागे एक, पाठमोऱ्या. त्यांची डोकी वाकलेली आणि खांदे एका ठेक्यात हलणारे. लाटण्यांचा आवाज भिंतींना घासत मागे येत होता.

बाबारावांनी पुढे पाहिलं. ते घर किती खोल आहे हे त्यांना माहीत होतं. मागच्या दाराशी संपतं, पलीकडे विहीर आहे. ओळ मागच्या दाराशी संपत नव्हती. तिथे फक्त उजेड संपत होता. अंबाडे, पाठी, अंबाडे, पाठी, आणि मग काही दिसत नव्हतं, पण लाटणी ऐकू येत होती.

ओळीच्या शेवटी, त्यांच्या पायाशी, एक पाट रिकामा होता. ते बसले. पाट कोमट होता. हात पसरण्याएवढी जागा आत आवळत आली होती; दोन्ही खांदे भिंतींना लागले. इतक्या वर्षांत या घरात ते प्रथमच बसत होते.

पुढून लाटी आली. एक हात मागे आला, चेहरा नाही. त्यांनी ती घेतली आणि लाटली. जाड झाली. आता कोणाला द्यायची, हे त्यांना उमगेना. ओळीत शेवटचे तेच होते. मागे फक्त रिकामी खोली आणि अडसर घातलेलं दार.

मागून कोणीतरी पाट सरकवल्याचा आवाज झाला. कोणीतरी हुश्श करून बसलं. दोन गुडघे त्यांच्या पाठीला दोन्ही बाजूंनी टेकले.

बाबारावांनी पापड खांद्यावरून मागे धरला. तो हातातून गेला. थोड्या वेळाने परत आला, गोळा होऊन, त्यांच्या पोळपाटावर पडला.

"जाड झाला, भाऊजी."

आवाज ओळखीचा होता. त्यात राग नव्हता. पहिल्यापासून तिच्या बोलण्यात थट्टा असायची, तेवढीच होती.

त्यांनी पुन्हा लाटला. पुन्हा परत आला. पुन्हा. कपाळाचा घाम पोळपाटावर पडत होता. मागे पाहू नये, म्हणून ते पुढे पाहत राहिले, आणि तेव्हा त्यांचं लक्ष पुढच्या पाठीकडे गेलं.

पोपटी लुगडं. मानेवर अंबाड्याखाली तीळ. ती मान ते तरुणपणापासून ओळखत होते.

तिला ते कडी घालून आले होते.

त्यांना हाक मारावीशी वाटली. हात उगारावासाही वाटला. मी आलो ना, मग तू इथे कशाला, असं विचारावंसं वाटलं. तेवढ्यात तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. ती हसत होती. तिच्या पुढचीचे खांदे हलले, तिच्याही पुढचीचे. हसू ओळीने पुढे गेलं, उजेड संपला तिथपर्यंत आणि त्याच्या पलीकडे. कशाला हसतात, कोणाला हसतात, हे कोणी सांगितलं नाही.

बाबाराव लाटत राहिले.

"तुमच्या घरी लय जागा हाये, भाऊजी," मागचा आवाज अगदी कानाशी आला. "म्या आजेसासऱ्यापासून आयकलं. ते म्हनत, त्याइच्या घरात माणसं हात पसरून झोपतात. खरं का?"

इतक्या वर्षांत बाबारावांच्या कधी मनात आलं नव्हतं, की भिंतीच्या या बाजूनेही कोणी कान लावून बसलं असेल.

हात हलका झाला होता. मधून कडेला. लाटी पसरत गेली. पापडातून पोळपाटाची रेघ दिसायला लागली. त्यांनी तो उचलून खांद्यावरून मागे धरला. तो गेला.

परत आला नाही.

दुसरा गेला, तोही आला नाही. किती गेले ते त्यांनी मोजलं नाही. शेवटी पुढून लाटी यायची थांबली. एकेक लाटणं थांबत गेलं. खोलवरची आधी, जवळची मागून. मग त्यांचंच उरलं. मग तेही थांबलं.

"झालं," मागून कोणीतरी म्हणालं.

पुढची बाई उठली. आडवी होऊन मागे सरकायला लागली. बाबारावांनी पोळपाट छातीशी धरलं आणि अंग भिंतीला दाबलं. तिथून दोन माणसं जाऊ शकत नाहीत. ती गेली. छातीला छाती घासून, चेहऱ्याला चेहरा लागेल इतक्या जवळून. त्यांनी डोळे गच्च मिटले. श्वास ऊन होता. बांगड्या वाजल्या. अडसर सरकला, पायांवर ऊन आलं.

डोळे उघडले तेव्हा समोर ओळ नव्हती. मागचं दार होतं. बंद. त्याच्या फटीतून विहिरीचा कठडा दिसत होता.

वळायला जागा नव्हती. दोन्ही भिंतींना हात लावत ते पाठमोरेच बाहेर आले. पाठीला काही लागलं नाही.

९

मधल्या खोलीची कडी त्यांनी घातली होती तशीच होती. आत कूलर चालू होता. त्यांनी कडी काढली.

अन्नपूर्णा मोठ्या खाटेवर आडवी पडली होती. दोन्ही हात, दोन्ही पाय पसरून, अख्खी खाट व्यापून. कोपरापर्यंत पीठ होतं. बाबाराव उंबऱ्यात उभे राहिले. चेहरा तिचाच आहे का, हे पाहायला वाकावं, असं त्यांच्या मनात आलं. ते वाकले नाहीत.

तिने डोळे उघडले.

"फिटली?"

"फिटली," बाबाराव म्हणाले.